रमाबाई रानडे आणि मताचा हक्क



दरवर्षी स्मरणिकेचे काम निघाले की आपले सचिव मला जाहिराती गोळा करायला पाठवतात. यंदा मात्र त्यांनी एक लेख मागितला. थोर व्यक्तीची ओळख, एवढाच विषय दिला आणि व्यक्ती निवडण्याचे काम माझ्यावर सोपवले. मी काही लेखक नव्हे. डिप्लोमा करून रेल्वेत लागलो, रुळांच्या देखभालीचे काम बघतो. माझे लिखाण म्हणजे तपासणीचे अहवाल आणि सामानाची मागणीपत्रे. तेव्हा चूकभूल सांभाळून घ्यावी ही विनंती.

व्यक्ती कोणती निवडावी याचा शोध आपल्या चारदीवारीतच लागला. आपल्या मंडळात निम्म्याहून अधिक घरे गलाई बांधवांची आहेत. विटा, खानापूर, आटपाडी या भागातून येऊन जौहरी बाजाराच्या आतल्या रस्त्यांमध्ये ज्यांनी सोन्याचांदीच्या भट्ट्या लावल्या, त्यांची. मी मिरजेचा असल्यामुळे त्यांच्यात बसलो की गावाकडच्या गप्पा निघतात. त्यात देवराष्ट्रे या गावाचे नाव आले की सगळ्यांची मान ताठ होते, कारण १९१३ साली यशवंतराव चव्हाणांचा जन्म तिथे झाला. पण त्याच गावाने त्याआधी पन्नास वर्षे आणखी एक मोठे माणूस दिले, हे कोणी बोलत नाही. ते माणूस म्हणजे श्रीमती रमाबाई रानडे. न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांच्या पत्नी.

हे नाव आपल्या घरांत अनोळखी नाही. २०१२ साली झी मराठीवर उंच माझा झोका ही मालिका लागली तेव्हा रात्री आपल्याकडे भाकऱ्यासुद्धा लवकर भाजून व्हायच्या. त्यामुळे छोटी रमा, तिची पाटी, सासरच्या बायकांचे टोमणे हे सगळे आपल्या वहिनी-काकूंना तोंडपाठ आहे. पण रमाबाईंनी उतारवयात बायकांच्या मताच्या हक्कासाठी मुंबई इलाख्यात चळवळ चालवली आणि ती जिंकली, हे विचारले तर आपल्यापैकी फार थोड्यांना सांगता येईल. मलाही ठाऊक नव्हते. मला ते शोधावे का लागले, तेही सांगून टाकतो.

मागच्या वर्षी विसर्जनानंतर आपली वार्षिक सभा झाली. प्रसादाच्या स्वयंपाकाचे कंत्राट बाहेर द्यायचे की नाही यावर मतदान घ्यायचे ठरले. हात मोजायचे काम माझ्याकडे होते. मी रांगेने मोजत गेलो आणि मागच्या रांगेत आमच्या सौ.चा हात वर दिसला. दहा दिवस दोनशे माणसांचा स्वयंपाक जिच्या हाताखाली होतो तिचा हात. आपला नियम असा की वर्गणीची पावती कुटुंबाची एक आणि मत पावतीच्या नावाला एक. पावती माझ्या नावावर होती. मी तो हात सोडून पुढे मोजत गेलो. तिने हात तसाच थोडा वेळ धरला आणि मग खाली घेतला. सभा संपल्यावर किशनपोलपर्यंत आम्ही चालत आलो, ती एक शब्द बोलली नाही. भांडली असती तर बरे झाले असते. त्यानंतर मी हा मताचा विषय वाचायला घेतला आणि वाचता वाचता रमाबाईंपाशी पोचलो.

रमाबाईंचा जन्म २५ जानेवारी १८६२ रोजी देवराष्ट्रे येथील कुर्लेकर घराण्यात झाला. माहेरचे नाव यमुना. घर जहागीरदारांचे, खाऊनपिऊन सुखी, पण मुलींना अक्षर शिकवण्याची पद्धत नव्हती. १८७३ च्या अखेरीस अकरा वर्षांच्या यमुनेचे लग्न पुण्यात झाले. तेव्हा आमची मिरजेची लाईन व्हायला अजून बारा-तेरा वर्षे होती, त्यामुळे पुण्यापर्यंतचा सारा प्रवास सडकेचाच. नवरदेव एकतीस वर्षांचे, सरकारी न्यायखात्यात मोठ्या हुद्द्यावर. त्यांची पहिली पत्नी त्याच वर्षी वारली होती. माधवराव रानडे विधवाविवाहाचे उघड पुरस्कर्ते होते, त्यामुळे दुसरेपणी ते विधवेशीच लग्न करतील असा मित्रांचा अंदाज होता. वडिलांना नेमकी तीच धास्ती होती. त्यांनी घाईने मुलगी ठरवली आणि एवढा विद्वान मुलगा वडिलांपुढे नमला. यावरून सुधारक मंडळींनी त्यांना पुष्कळ बोल लावले आणि ते बोल चुकीचे होते असे मला वाटत नाही. पण त्या घाईत घरी आलेली मुलगी पुढे काय होणार आहे हे बोल लावणाऱ्यांनाही ठाऊक नव्हते आणि वडिलांनाही.

लग्नात यमुनेची रमा झाली. नाव बदलले, पण ते नाव लिहिता येत नव्हते.

त्याच १८७३ साली तिकडे अमेरिकेत एक खटला चालला होता. सुसान अँथनी नावाच्या बाईंनी आदल्या वर्षी अध्यक्षीय निवडणुकीत जाऊन मत टाकले होते. बाई असून मत टाकले म्हणून त्यांना अटक झाली आणि शंभर डॉलर दंड झाला. तो दंड त्यांनी शेवटपर्यंत भरला नाही. अमेरिकेत बायकांच्या मताची मागणी १८४८ पासून सभा घेऊन होत होती आणि सगळ्या देशात ती मान्य व्हायला १९२० साल उजाडले. अँथनीबाई १९०६ मध्येच गेल्या होत्या. म्हणजे ज्या वर्षी तिकडे एक बाई मतासाठी आरोपीच्या पिंजऱ्यात उभी होती, त्या वर्षी इकडे एक मुलगी पाटीवर पहिले अक्षर काढत होती. ही दोन्ही माणसे एकाच कामाची निघतील असे कोणी म्हटले असते तर वेड्यात काढले असते.

माधवरावांनी शिकवायला सुरुवात लगेच केली. वडिलांपुढे जिथे माघार घेतली होती तिथली भरपाई म्हणा किंवा स्वभाव म्हणा. कचेरीतून आल्यावर रोज रात्री धडा. पुढे मुलींच्या ट्रेनिंग कॉलेजातली शिक्षिका घरी यायला लागली. पुण्याचे घर म्हणजे मोठे खटले. सासू, नणंद, आश्रित बायका, सोवळेओवळे. त्या बायकांना हे शिकणे अजिबात रुचले नाही. कोणी बोलेनासे व्हायचे, कोणी मुद्दाम वाईट वाटेल असे बोलायचे. नवऱ्याला हवे म्हणून शिकायचे, तर निदान चोरून शिकावे, थोडे शिकावे, असा सल्ला मिळायचा. नवरा दिवसभर कचेरीत आणि ही मुलगी दिवसभर त्या बायकांच्यात. याचा ताण किती असेल ते एकत्र कुटुंबात नांदलेल्या आपल्या भगिनींना मी सांगायला नको. विशेष हे की रमाबाईंनी त्या बायकांशी कधी वैर धरले नाही. घरातले काम चुकवले नाही आणि धडाही चुकवला नाही.

नाशिकला बदली झाल्यावर थोडा मोकळा वारा मिळाला. तिथे रमाबाईंनी आपले पहिले जाहीर भाषण केले. ते माधवरावांनी लिहून दिले होते, रमाबाईंनी ते वाचले. याचे मला फार बरे वाटले. कारण माझेही पहिले भाषण, आपल्याच मंडळात, सचिवांनी लिहून दिले होते आणि तरीही माझे पाय लटपटत होते.

१८८२ साली पंडिता रमाबाई पुण्यात आल्या. संस्कृत शास्त्रे मुखोद्गत असलेली, भरसभेत बोलणारी, विधवा बाई. त्यांनी आर्य महिला समाज काढला आणि रानड्यांच्या रमाबाई त्या सभांना जाऊ लागल्या. घरी त्यावरून काय काय ऐकावे लागले असेल ते वेगळे सांगत नाही. त्यानंतर १८८४ साली मुलींच्या हायस्कुलाचा प्रश्न निघाला. रानडे, भांडारकर, वेडरबर्न अशा मंडळींनी मुलींना इंग्रजी हायस्कूल हवे अशी खटपट चालवली होती. गव्हर्नर सर जेम्स फर्ग्युसन पुण्यात सभेला आले तेव्हा त्यांच्यापुढे स्त्रियांच्या वतीने इंग्रजीत निवेदन कोणी वाचायचे? रमाबाईंनी वाचले. तेव्हा त्या बावीस वर्षांच्या होत्या. अकरा वर्षांपूर्वी त्यांना मराठी मुळाक्षरेही येत नव्हती. त्याच वर्षी सुरू झालेले हायस्कूल म्हणजे पुण्याची हुजूरपागा. त्या दिवशी सभेतून घरी आल्यावर मात्र कौतुक झाले नाही. साहेबापुढे उभी राहून इंग्रजी वाचते म्हणून घरातल्या बायकांनी त्यांना फैलावर घेतले.

पुढे माधवराव हायकोर्टाचे न्यायमूर्ती झाले आणि बिऱ्हाड मुंबईला गेले. रमाबाईंनी तिथे बायकांसाठी भाषा, सामान्य ज्ञान, शिवणकाम यांचे वर्ग चालवले. ती वर्षे तशी सुखाची गेली. १६ जानेवारी १९०१ रोजी न्यायमूर्ती वारले. रमाबाई अडतीस वर्षांच्या होत्या. पुण्याला येऊन फुले मंडईजवळच्या जुन्या घरात त्या वर्षभर जवळजवळ कोणात मिसळल्या नाहीत.

त्यांचे आमच्या आयुष्यातील कांहीं आठवणी हे पुस्तक १९१० साली आले. त्याला गोपाळ कृष्ण गोखल्यांची प्रस्तावना आहे. फार सुंदर, साधे पुस्तक आहे, प्रत्येकाने वाचावे. पण ते न्यायमूर्तींच्या निधनापाशी थांबते. मालिकेनेही आपल्याला त्याच पुस्तकातली रमा दाखवली. यामुळे एक गंमत झाली. त्यांचे खरे सार्वजनिक काम त्यानंतरचे, तेवीस वर्षांचे, आणि लोकांच्या लक्षात राहिले ते त्याआधीचे. पुस्तकाच्या नावातसुद्धा बाईंनी माझ्या म्हटले नाही, आमच्या म्हटले.

त्या तेवीस वर्षांत काय केले? १९०४ साली मुंबईत भारत महिला परिषद भरली, तिच्या अध्यक्षस्थानी रमाबाई होत्या. १९०८ साली मुंबईत सेवासदन निघाले आणि १९०९ साली पुण्यात. पुण्याचे सेवासदन म्हणजे रमाबाईंचा प्राण. गोपाळ कृष्ण देवधर हे तिथे त्यांचे उजवे हात होते. वाचता न येणाऱ्या थोराड बायकांचे वर्ग, शिवण, हस्तकला, मास्तरणींचे शिक्षण आणि सर्वांत धाडसाचे म्हणजे नर्सिंग. उच्चवर्णीय विधवेने परक्या माणसाच्या जखमा धुवायच्या, ही कल्पना त्या काळी अंगावर काटा आणणारी होती. आज आपल्या कितीतरी घरांतल्या मुली नर्सिंगला जातात, आई-बाप स्वतः फॉर्म भरून आणतात. येरवड्याच्या तुरुंगातल्या बायकांना भेटायलाही रमाबाई जायच्या आणि आळंदीच्या यात्रेत सेवासदनच्या बायकांना घेऊन सेवेला जायच्या.

एक प्रसंग सांगितल्यावाचून राहवत नाही. सेवासदनच्या एका समारंभात एक विधवा विद्यार्थिनी बक्षीस घ्यायला व्यासपीठावर आली. केशवपन झालेले, डोक्यावरून लुगड्याचा पदर. समोर बसलेल्या कॉलेजच्या पोरांनी हुर्यो केली. रमाबाई उठल्या आणि सगळ्यांसमोर त्या पोरांना खडसावले. तुमच्या प्रत्येकाच्या घरी अशी एखादी आई, बहीण, आत्या असेल, तिला हसता का, असा त्यांच्या बोलण्याचा रोख होता. सभागृह गप्प झाले. ज्या मुलीला पूर्वी लिहून दिलेले भाषण लागत होते, तिला आता कोणाचे टिपण लागत नव्हते.

१९१८ साली कायदा झाला की नगरपालिकांनी ठरवले तर प्राथमिक शिक्षण सक्तीचे करता येईल. पुण्यात वाद पेटला. सक्ती फक्त मुलग्यांना की मुलींनाही? पैसे कमी आहेत, आधी मुलगे, मुली मागाहून, असे म्हणणाऱ्यांच्या बाजूला खुद्द लोकमान्य टिळक होते. मुलींनाही आत्ताच, असे म्हणणाऱ्यांत रमाबाई पुढे होत्या, विठ्ठल रामजी शिंदे होते. १९२० साली पुण्यात बायकांच्या सभा झाल्या, मिरवणूक निघाली. गणेशोत्सवाच्या स्मरणिकेत हे लिहावे की नाही याचा मी दोन दिवस विचार केला. १८९३ साली उत्सव सार्वजनिक करणारे लोकमान्य, आपण त्यांच्या तसबिरीला हार घालूनच स्थापना करतो आणि घालत राहू. पण या एका प्रश्नात रमाबाईंचे बरोबर होते. आधी मुलगे असे म्हटले की मुलींची पाळी किती वर्षांनी येते हे आपण आपल्याच घरांत पाहिले आहे. माझी थोरली बहीण सातवीवर थांबली, कारण मला पॉलिटेक्निकला घालायचे होते.

आता मताचा विषय. १९१७ साली भारतमंत्री मॉंटेग्यू हिंदुस्थानात आले, कारण नव्या सुधारणा द्यायच्या होत्या. त्या डिसेंबरात मद्रासला सरोजिनी नायडूंच्या नेतृत्वाखाली बायकांचे शिष्टमंडळ त्यांना भेटले आणि पुरुषांना जो मताचा हक्क द्याल तोच आम्हाला द्या अशी मागणी केली. मताधिकाराचा विचार करायला साउथबरो समिती नेमली गेली. तिने सांगितले की इथला समाज अजून तयार नाही. मग १९१९ साली मुंबईच्या हेराबाई टाटा आपल्या मुलीला, मिठनला, घेऊन लंडनला गेल्या आणि तिथे खटपट केली. शेवटी विलायतेच्या पार्लमेंटने १९१९ च्या कायद्यात बायकांना मत दिले नाही आणि नाकारलेही नाही. प्रत्येक प्रांताच्या कौन्सिलने ठराव करून बायकांवरची बंदी उठवावी असे ठेवले. मला हे वाचून आपली कार्यालये आठवली. अवघड फाईल असली की पुढच्या टेबलावर सरकवायची.

पण ती फाईल या टेबलावर आली आणि बायकांनी ती सोडली नाही. मद्रास कौन्सिलने एप्रिल १९२१ मध्ये ठराव मंजूर केला. मुंबई इलाख्यात, म्हणजे सिंधपासून कर्नाटकापर्यंतच्या त्या अवाढव्य प्रांतात, चळवळीचे नेतृत्व रमाबाईंनी केले. तेव्हा त्या साठीला आल्या होत्या. त्यांच्यामागे सेवासदन होते, बारा वर्षे ज्यांना लिहायला-वाचायला शिकवले त्या बायका होत्या, आणि पुण्या-मुंबईतल्या पुढाऱ्यांनाही मान द्यावा लागेल असे नाव होते. रानड्यांच्या नावाचा उपयोग झाला हे उघड आहे. परंतु नुसत्या नावाने काम झाले असते तर ते वीस वर्षे आधीच झाले असते. जुलै १९२१ मध्ये कौन्सिलात तीन दिवस चर्चा झाली आणि ठराव ५२ विरुद्ध २५ मतांनी मंजूर झाला. त्या कौन्सिलात एकही बाई नव्हती. मते देणारे ते ५२ पुरुषच. आपल्या राजपुतान्याकडे बघाल तर झालावाड संस्थानानेही त्याच सुमारास बायकांना मत दिले, हे वाचून मला आश्चर्य वाटले. राजपुताना म्हटले की पडदा आणि घूंघट एवढेच आपल्याला आठवते.

मग साऱ्या बायकांना मत मिळाले का? नाही. हीच मेख आहे. तेव्हा मत माणसाला नव्हते, मालमत्तेला होते. ज्याच्या नावावर ठराविक शेतसारा, घरपट्टी किंवा भाडे, अथवा प्राप्तिकर, त्याला मत. मुंबई कौन्सिलने बाई म्हणून असलेली बंदी काढली, पण मालमत्तेची अट तशीच राहिली. घर, शेत, दुकान सगळे नवऱ्याच्या नावावर. त्यामुळे नवरा हयात असलेल्या बाईला कायद्याने मत होते आणि प्रत्यक्षात नव्हते. ज्या विधवेच्या नावावर घर लागले असेल तिला मात्र मिळायचे. जिला हळदीकुंकवाला कोणी बोलावत नव्हते, तिचे नाव मतदारयादीत येत होते. काय म्हणावे याला!

इथे माझे मन थोडे अडते. रमाबाई आणि त्यांच्या बरोबरीच्या बायका चांगल्या घरच्या, त्यांनी पुरुषांना असलेल्याच अटींवर हक्क मागितला. खडी वाहणारी, शेतात राबणारी, गिरणीतली बाई त्या मागणीत बसत नव्हती. तिच्या नवऱ्यालाही मत नव्हते, हे खरे. सगळ्यांसाठी मागितले असते तर १९२१ साली काहीच मिळाले नसते, असेही कोणी म्हणेल. असेल. रुळाचे काम करताना आम्हीही सगळी लाईन एकदम उचलत नाही, थोडी थोडी उचलतो. तरी दिवसभर माझ्या डोळ्यांसमोर गँगमध्ये काम करणाऱ्या बायका असतात, म्हणून हे लिहिले.

नोव्हेंबर १९२३ च्या निवडणुकीत मुंबई इलाख्यातल्या काही बायकांनी कौन्सिलसाठी मत दिले. उमेदवार म्हणून उभे राहायला त्यांना अजून परवानगी नव्हती, ती वाट १९२६ साली मोकळी झाली. रमाबाईंना ते पाहायला मिळाले नाही. १९२४ साली त्या गेल्या. पुण्याचे सेवासदन त्यांच्या मागे चालू राहिले.

पुढची गोष्ट आपल्या राजस्थानाशी येऊन मिळते. १९३५ च्या कायद्याने मालमत्ता असलेल्या पुरुषांच्या पत्नींना आणि लिहिता-वाचता येणाऱ्या बायकांनाही मत दिले, तेव्हा देशभरात साधारण साठ लाख बायका मतदार झाल्या. शेवटी १९५० साली राज्यघटनेने सारी अटच काढली. २१ वर्षे पूर्ण झालेल्या प्रत्येकाला मत. १९५१-५२ च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीसाठी याद्या करायला माणसे घरोघर गेली. बायकांना नाव विचारले तर कित्येकींनी अमक्याची बायको, तमक्याची आई असेच सांगितले. स्वतःचे नाव परक्या माणसाला सांगायची रीतच नव्हती. निवडणूक आयुक्त सुकुमार सेन यांनी ठरवले की नाव नसेल तर यादीत घेता येणार नाही. जवळजवळ आठ कोटी बायकांपैकी सुमारे २८ लाख बायकांची नोंद अशी गळली. त्यांतल्या बहुतेक बिहार, उत्तर प्रदेश, मध्य प्रदेश, विंध्य प्रदेश आणि आपल्या या राजस्थानातल्या. पुढच्या निवडणुकीपर्यंत बायकांनी नावे सांगायला सुरुवात केली.

आणि त्यानंतर अवघ्या दहा वर्षांत, १९६२ साली, याच जयपूरने महाराणी गायत्रीदेवींना १,९२,९०९ मते देऊन लोकसभेत पाठवले. त्यांच्या आई इंदिराराजे बडोद्याच्या गायकवाडांच्या, म्हणजे आपल्याच. आजी महाराणी चिमणाबाई १९२७ साली पुण्यात भरलेल्या पहिल्या अखिल भारतीय महिला परिषदेच्या अध्यक्षा होत्या. त्या १९६२ सालीच टपाल खात्याने रमाबाईंच्या जन्मशताब्दीचे तिकीट काढले. आमच्या ओळखीतल्या एका काकांकडे जुन्या तिकिटांचा संग्रह आहे, त्यांनी ते मला दाखवले. पंधरा पैशांचे, लहानसे.

हे सगळे वाचून झाल्यावर मी मागच्या वर्षीची आपली स्मरणिका काढून शेवटच्या पानांवरची सभासदांची यादी पाहिली. श्री. अमुक व कुटुंबीय, श्री. तमुक व कुटुंबीय. महिला समितीच्या यादीत सौ. आणि पुढे आडनाव. तीन ठिकाणी तर सौ. वहिनी एवढेच छापले होते. ती यादी टाईप मीच करून दिली होती, तेव्हा दुसऱ्या कोणाला दोष देत नाही.

यंदाच्या वर्गणीच्या पावतीवर कार्यकारिणीच्या परवानगीने दोन नावांच्या ओळी छापून घेतल्या आहेत. दुसऱ्या ओळीत काय लिहायचे असे पावती फाडताना बऱ्याच जणांनी मला विचारले. काहींनी ती ओळ रिकामी ठेवली आहे. आमच्या घरच्या पावतीवर सौ.ने आपले नाव स्वतः लिहिले, पहिल्या ओळीत, आणि मला दुसऱ्या ओळीत टाकले. पावतीवरच्या दोन्ही नावांना मत असावे हा ठराव विसर्जनानंतरच्या सभेपुढे येणार आहे. तो मंजूर होईल की नाही हे पहिल्या ओळीच्या नावांनीच ठरवायचे आहे, कारण जुना नियम तोपर्यंत लागू राहील. हात मोजायचे काम याही वर्षी माझ्याकडेच आहे.

गणपती बाप्पा मोरया!